जोडावरचं तळं

अत्तारबाईंनी निम्मं पुणं आणि भोवतालची कितीतरी गावं स्वतःच्या हाताने काढली होती, आणि त्यातलं फारसं काही पाहिलं नव्हतं. एका सरकारी नकाशा कचेरीत त्या तीस वर्षं ट्रेसर होत्या. मोजणीदार उन्हातान्हात हिंडून मूळ नकाशा करायचा. तो नकाशा कचेरीत आला की त्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरून बाईंनी शाईने त्याची प्रत उतरवायची. टेकड्या, ओढे, विहिरी, देवळं, दर्गे, दलदली, सगळं त्यांच्या रुलिंग पेनातून गेलं होतं. त्या स्वतः मात्र कसब्यातल्या घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी, एवढ्याच फिरल्या. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, हजला जातात. बाईंनी ठरवलं की आपण काढलेलं सगळं एकदा बघून यायचं, आणि सुरुवात पाण्यापासून करायची.

मी त्यांना भेटले तेव्हा शतक नुकतंच बदललं होतं. पुण्याच्या आसपासच्या पाणथळ जागांचा नकाशा करायचं काम एका छोट्या संस्थेने घेतलं होतं. तळी, डोह, ओढ्यांची वळणं, नदीकाठची दलदल. जिथे वर्षातले काही महिने तरी पाणी थांबतं आणि त्यात काही ना काही जगतं, अशी प्रत्येक जागा नोंदवायची. आमची यादी पुढे सरकारी नकाशात जाणार होती. यादीत आलेल्या जागेवर भराव टाकायला बंदी, आणि जी सुटली तिला कोणी वाली नाही, इतका साधा मामला होता. आमची कचेरी मंडईजवळ एका भांड्यांच्या दुकानावर होती. प्रमुख देवधर सर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आणि मी, खांदवे, कॉम्प्युटरवाली. विश्रांतवाडीच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, नकाशांचा डिप्लोमा नुकताच पदरात पडलेली आणि त्याचा पुरेसा तोरा असलेली.

जुने नकाशे कोणाकडे असल्यास कळवावं, अशी दोन ओळींची जाहिरात सरांनी पेपरात दिली होती. ती वाचून बाई आल्या. बुटक्या, सावळ्या, फिकट जांभळी साडी, पदर घट्ट खोचलेला, चष्म्याला दोरी. जिना चढल्याचा दम खाऊन त्यांनी सांगितलं की नकाशे नाहीत, पण ते काढणारी आहे, चालेल का. सर बसा म्हणायला उठले. तोवर बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी पडद्यावर एका तळ्यात निळा रंग भरत होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पाणी."

"असं होय. मला वाटलं शाळेचा गणवेश."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं, पण येऊ नका म्हणायची हिंमत कोणात होती? सरांनी आपली खिडकीजवळची खुर्ची त्यांना दिली, म्हणजे बाई तिच्यावर बसल्या आणि सर उभे राहिले.

बाईंचा एक अभिमान होता आणि तो त्या दिवसातून दोनदा तरी सांगत. त्यांच्या कचेरीत चुकांची एक वही असे. प्रमुख आरेखक प्रत्येक प्रत भिंगाखाली तपासायचे आणि ट्रेसरचं काही राहिलं-चुकलं की त्याचं नाव तांबड्या पेन्सिलीने वहीत चढायचं. तीस वर्षांत त्या वहीत मु. अ. अत्तार हे नाव एकदाही आलं नाही. निरोप समारंभात साहेबांनी ती वही सगळ्यांसमोर उघडून दाखवली होती. इतर लोकांना शाल आणि नारळ मिळतो, बाईंना शाल, नारळ आणि कोरी पानं मिळाली. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की दहाव्यांदा ऐकतानाही मला कंटाळा आला नाही. खोटं कशाला बोलू, विसाव्यांदा आला.

रेघ ओढताना त्या श्वास रोखत. तीस वर्षांची सवय. श्वासाने हात हलतो म्हणून. आता हातात पेन नसायचं, तरी महत्त्वाचं काही बोलायच्या आधी त्या श्वास धरत, आणि समोरच्याला वाटायचं की बाईंना काही होतंय. नवीन माणूस हमखास पाणी आणायला धावायचा.

आमच्या कामात त्यांनी पहिला बदल केला तो असा. मी प्रत्येक तळ्याला एक काठ काढत होते, उपग्रहाच्या छायाचित्रात दिसेल तसा. बाईंचं म्हणणं, तळ्याला एक काठ नसतोच, तीन असतात: पाऊस संपतानाचा, थंडीतला आणि मे महिन्यातला. तिन्ही काढा. मे महिन्यातल्या आणि भाद्रपदातल्या रेघेमधला जो पट्टा असतो, तीच खरी दलदल; पक्षी तिथे खातात, मासे तिथे अंडी घालतात, आणि लोकांना ती मोकळी जागा वाटते ती तिथेच. देवधर सर खुर्ची नसल्यामुळे उभेच होते, ते आनंदाने टेबलावर बसले. आयुष्यभर हे मी विद्यार्थ्यांना दीड तास घेऊन सांगत आलो, असं ते म्हणाले. बाईंनी विचारलं की मग त्यांना कळलं का.

तीन काठ काढायचे म्हणजे प्रत्येक जागी तीनदा जायचं. बाईंनी जुन्या बाजारातून गमबूट आणले, एक काळा आणि एक हिरवा. दोन्ही एकाच पायाचे नव्हते हेच नशीब. पाय ओले करून आल्याशिवाय मला निळा रंग भरायची परवानगी नव्हती. मी घरी चिखलाने माखून गेले की आई विचारायची, कॉम्प्युटरचं काम हाय म्हनलीस ना गं? मला त्या दिवसांत इतका उत्साह होता की उत्तर देण्यात वेळ घालवावासा वाटायचा नाही. सकाळी सहाला उठून मी बससाठी पळत सुटायचे. शहर रोज नव्याने कळत होतं, आणि ज्या रस्त्याने मी जन्मभर गेले त्याच्या दोन्ही अंगांना काय काय दडलं होतं ते बघून हसू यायचं.

मंडईचा प्रसंग त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराचा. शिंगाडे बाजारात आले की बाई पाव किलो घेत आणि अर्धा तास चौकशी करत. कोणत्या तळ्यातले, तळं कोणाचं, पाणी मेपर्यंत टिकतं का. एका विक्रेत्याने शेवटी विचारलं, बाई, शिंगाडे घ्यायचेत की आयोग नेमायचाय? पण त्यांना पत्ते मिळत गेले. शिंगाडा उथळ, थांबलेल्या पाण्यात येतो, तेव्हा तो जिथून आला तिथे आमच्या यादीतली एखादी जागा असणार, हा त्यांचा सरळ हिशेब होता. कमळं विकणारी एक बाई मात्र दाद देईना. माल कुठून येतो ते सांगितलं तर उद्या तिथे दुसरे जातील, ही तिची भीती. अत्तारबाई तीन दिवस तिच्या शेजारी बसून कमळांच्या जुड्या बांधत राहिल्या आणि तळ्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी तिनेच सांगितलं. नदीच्या एका जुन्या वळणात, दाट झाडीखाली, उपग्रहाला कधीच न दिसलेलं ते तळं होतं. आम्ही तिथे पोचलो तर पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालत होते. मी ओरडलेच. सरांनी त्या संध्याकाळी स्वखर्चाने सगळ्यांना भजी खिलवली, आणि ही घटना आमच्या कचेरीच्या इतिहासात पहिली आणि शेवटची होती.

माझीही एक गोष्ट सांगून टाकते, कारण बाईंनी ती पुढे सगळ्यांना सांगितलीच. विश्रांतवाडीच्या पुढे एक मोठा सपाट हिरवा तुकडा छायाचित्रात दिसत होता. मी त्याच्यावर 'मैदान' लिहिलं. बाईंनी बघितलं, श्वास धरला, सोडला, आणि दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन आल्या. नातवाची बॅट होती. "चला खांदवे, खेळायला जाऊ." आम्ही गेलो. मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी एक दगड उचलून आत टाकला. डुबुक आवाज झाला आणि हिरवळ हलली. जलपर्णीने काठोकाठ भरलेलं ते तळं होतं, आणि तळं होतं आमच्याच गावचं. माझे आजोबा त्यात म्हशी धूत असत. मी रोज बसमधून त्याच्या शेजारून जात होते. बाईंनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, फक्त परतीच्या बसमध्ये ती बॅट माझ्या हातात धरायला दिली.

आता मुख्य गोष्ट.

पौषातली सकाळ होती. आम्ही बसने लोणी काळभोरकडे निघालो होतो. बाई खिडकीशी बसून आकाश बघत होत्या. अचानक त्या उभ्या राहिल्या आणि थांबा नसताना कंडक्टरला बस थांबवायला लावली. उसाच्या मागे शराट्यांचा, त्या बाकदार चोचीच्या पाणपक्ष्यांचा, एक मोठा थवा खाली उतरत होता, आणि इतक्या शराट्या कोरड्यात उतरत नाहीत असं त्यांचं म्हणणं. आम्ही उसातून वाट काढत गेलो. पानांनी माझे हात कापले. ऊस संपला आणि समोर पाणी. इतकं पाणी, इतकं अचानक, की मी हसायलाच लागले. काठाने पाणकणसाचं उंच बेट, मध्ये आडई बदकं, कडेला लांब पायांचे शेकाटे, आणि चिखलात चोच खुपसून शराट्या. एका ओढ्याचं वळण कधीकाळी तुटून मागे राहिलं असावं, तसा तो लांबट डोह होता. पलीकडच्या शेतातून सोपानराव नावाचे एक म्हातारे शेतकरी आमच्याकडे चालत आले. कोण तुम्ही, कुठल्या, हे विचारायच्या आधी त्यांनी हेच सांगितलं की डोह आता राहत नाही. भोवतालची जमीन एका बांधकामवाल्याने घेतली होती. डोहाच्या एका अंगाला राडारोड्याचे ढीग येऊन पडले होते.

"ह्यो डोह हाय म्हून आमच्या हिरीला पानी हाय," ते म्हणाले. "ह्यो बुजला की आमी बी बुजलो."

मी जवळजवळ नाचतच कचेरीत परतले. नवी जागा! सरांना दाखवायला बाईंच्या कचेरीतून मिळवलेली जुनी दोन शीटं काढली, कारण डोह नेमका दोन शीटांच्या जोडावर येत होता. डावीकडचं पंधरा नंबर, उजवीकडचं सोळा. दोन्हींवर ओढा होता. डोह कशावरच नव्हता. मी सरांना म्हटलं, बघा, पूर्वी नसलेलं तळं सापडलं. बाईंनी भिंग घेतलं, पंधरा नंबरच्या उजव्या कडेवर ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. मग पिशवी घेऊन कोणाशी न बोलता त्या घरी गेल्या.

तीन दिवस त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी कसब्यात त्यांच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या आणि निवडलेली आणि न निवडलेली अशी दोन्ही एकाच ताटलीत टाकत होत्या.

"ते तळं नवीन नाही, खांदवे," त्या म्हणाल्या. "मी ते पाहिलंय. मूळ कागदावर, पेन्सिलीत. अर्धी भाकरी मोडून ठेवावी तसं कडेवर होतं. पंधरा नंबर मी केलं."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या कचेरीचा नियम असा की दोन शीटांच्या जोडावर जी वस्तू येईल ती लहान नंबर ज्याच्याकडे असेल त्याने आधी काढायची, आणि दुसऱ्याने तिच्या कडा जुळवून आपला अर्धा भाग पुरा करायचा. सोळा नंबर बाईंची मैत्रीण सुशीला शेंडे करत होती. डोहाचा मोठा भाग सुशीलाबाईंच्या बाजूला होता, म्हणून त्या म्हणाल्या, आधी मी काढते, माझ्या कडा बघून तू जुळव. बाईंनी जागा कोरी सोडली. पुढे कधीतरी दोन्ही शीटं पुरी होऊन गेली आणि डोह कोणीच काढला नाही. तपासणारा प्रत्येक शीट वेगळं तपासायचा आणि कडेवरचं काही दिसलं नाही तर ते शेजारच्या शीटवर असेल असं धरायचा. जोड लावून बघायची रीत फक्त ट्रेसरांची होती.

मी म्हटलं की मग चूक शेंडेबाईंची. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मेथी निवडायला लागले.

सुशीलाबाई विश्रांतवाडीत राहत, माझ्या रोजच्या वाटेवर. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. दार उघडताच दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि पहिला अर्धा तास कोण कोण गेलं याच्या चौकशीत गेला. मग बाईंनी डोहाचं विचारलं. सुशीलाबाईंना लगेच आठवलं, आणि आठवल्यावर त्यांचा हात तोंडावर गेला. त्या दुपारीच त्यांना कळा सुरू झाल्या होत्या. कचेरीतून थेट दवाखान्यात. सोळा नंबर पुढे दुसऱ्याच कोणीतरी पुरं केलं; पंधराची कड कोरी बघून त्यानेही डोह सोडला असणार. त्या दिवशी झालेला मुलगा तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन आला. चांगला सहा फूट, केस पांढरे व्हायला लागलेले. बाई त्याला वरून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या की राजू, तुझ्यापायी एक अख्खं तळं गेलं बघ. तो बिचारा म्हणाला, सॉरी मावशी. आम्ही तिघी इतक्या हसलो की चहा निवला.

निघताना मात्र सुशीलाबाईंनी बाईंचा हात धरून ठेवला. राजू आता त्याच खात्यात होता. आपलं नाव यात येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाई म्हणाल्या, "तुझं नाव शीटवर आहेच कुठे? तू रजेवर होतीस. माझं आहे."

आमचा कच्चा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यावर डोह होता, मी स्वतः निळा भरला होता, बाईंना चालेल असा. रीतीप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या आणि बांधकामवाल्याची हरकत आली. नियम असा होता की अलीकडे माती उकरून झालेला खड्डा पाणथळ जागेत धरत नाहीत. जागा पूर्वापार असली पाहिजे. त्यांचं म्हणणं, हा मुरूम काढलेला खड्डा आहे आणि त्यात कालव्याचं पाणी झिरपलंय. आता डोह जुना आहे हे सिद्ध करायचं तर जुन्या कागदावर तो हवा. मूळ पेन्सिलीचे नकाशे वाळवीने खाल्ले होते. उरली होती बाईंची सही असलेली प्रत, आणि तिच्यावर तो नव्हता.

देवधर सरांनी बाईंना समजावलं. सोपानराव आणि गावातली म्हातारी माणसं साक्ष देतील, तेवढ्यावर भागवून बघू. तुम्ही उभं राहायचं कारण नाही. मला मनातून वाटत होतं की त्यांनी उभं राहू नये. तीस वर्षांची कोरी पानं माणसाने कशासाठी खराब करावीत, असं मला खरंच वाटलं, आणि त्याच वेळी सोपानरावांची विहीर डोळ्यासमोर यायची आणि स्वतःचीच लाज वाटायची.

सुनावणीच्या खोलीत पंखे होते आणि ते फिरतही होते, पण वारा येत नव्हता. सोपानरावांनी आपली साक्ष दिली. बांधकामवाल्यांचे वकील मऊ बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले की गावकऱ्यांच्या आठवणींचा मान ठेवून मी कागदाकडे वळतो. त्यांनी पंधरा नंबरचं शीट टेबलावर पसरलं. आणि मग त्यांनी त्या शीटची जी स्तुती केली ती मी आजवर कोणत्याही नकाशाची ऐकलेली नाही. केसाएवढी रेघ बघा, अक्षर बघा, झाडाची एकेक खूण बघा. या शीटबद्दल आजवर एकही तक्रार नोंदलेली नाही. ज्याने दगडाची खाणसुद्धा सोडली नाही, तो एवढं मोठं तळं सोडेल का?

अत्तारबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी श्वास धरल्याचं मला कळलं. त्यांचं सगळं आयुष्य तो माणूस भर खोलीत वाखाणत होता, आणि तेच डोहाच्या गळ्याला नख लावत होतं. त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, कोपऱ्यातली सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी ट्रेसर होते. तळं मूळ कागदावर होतं. माझ्याकडून राहिलं."

वकील क्षणभर गोंधळले, पण हुशार होते. त्यांनी अदबीने विचारलं, बाई, हे राहिलं असेल तर तुमच्या बाकीच्या शीटांवरही काही राहिलेलं असू शकतं, असं धरायचं का?

मला त्या माणसाचा इतका राग आला की हातातली फाइल चुरगळली. बाईंनी पुन्हा श्वास घेतला, या वेळी धरला नाही.

"असेल. म्हणून तर फिरतेय. आपणही या, बघून घ्या."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, नोंद घेतली आणि जागेवर जाऊन पाहणी करायचा आदेश दिला. बाहेर जिन्यावर बाई बसल्या आणि पहिल्यांदाच थकल्यासारख्या दिसल्या. त्या म्हणाल्या, वहीत नाव चढलं. मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पाहणी मे महिन्यात ठरली. मुद्दामच, असं सर म्हणाले, डोह आटेल म्हणून. आम्ही गेलो तेव्हा कडेची दलदल सुकून भेगाळली होती, राडारोड्याचे ढीग पुढे सरकले होते, पण मधलं पाणी होतं. अधिकारी बांधावर छत्रीखाली उभे. शेजारी त्यांचा कारकून पाटीवर कागद लावून. वकिलांनी पाणी बघितल्याबरोबर सांगितलं की कालव्याची गळती. बाईंनी गमबूट काढून बांधावर ठेवले, पदर खोचला आणि अनवाणी चिखलात उतरल्या. वाकून, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तळाचा गाळ उपसून आणला आणि अधिकाऱ्यांच्या पायाशी ठेवला. त्यात शिंपले होते. मोठे, तळहाताएवढे, काही रिकामे आणि काही जिवंत, आणि त्यांच्याखाली जुन्या, चुरा झालेल्या शिंपल्यांचे थर.

"गळतीच्या पाण्यात शिंपला एवढा कधी होतो, ते विचारा कोणालाही," बाई म्हणाल्या. देवधर सर पुढे झाले आणि शिंपल्याच्या पाठीवरची वर्षांची वलयं दाखवू लागले. अधिकारी छत्री बाजूला ठेवून खाली बसले. त्यांनी एक शिंपला उचलला, पुन्हा एक उचलला. मग कारकुनाला म्हणाले की परीघ घ्या, अंदाजे घेतला तरी चालेल.

अंदाजे हा शब्द बाईंनी ऐकला. त्या वर आल्याच नाहीत. पाण्याच्या कडेने, जिथे पाणी संपतं आणि चिखल सुरू होतो नेमक्या त्या रेघेवरून त्या चालायला लागल्या. मी हातात जीपीएस घेऊन बांधावरून त्यांच्या बरोबरीने. दर दहा पावलांवर त्या थांबत, मी बिंदू घेत असे, कारकून लिहीत असे.

डोह यादीत गेला. छापील नकाशा यायच्या आधीच बाई मुलीकडे सांगलीला राहायला गेल्या आणि दोन वर्षांनी तिथेच वारल्या. मी त्यांना नकाशा पाठवला होता. त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं की आई तो उशाशी ठेवायची. पुढे मी बरेच नकाशे केले, मोठी कामंही केली. पण बाई म्हटलं की मला ती मे महिन्यातली दुपारच दिसते, कारण त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते तिथे.

डोहाच्या पलीकडच्या टोकाला पाणकणसाचं बेट इतकं दाट होतं की बांधावरून आत जाता येईना. मी थांबले. बाई थांबल्या नाहीत. पदराचा जांभळा तुकडा पानांत दोनदा दिसला आणि मग त्या दिसेनाशा झाल्या. अधिकारी उठून उभे राहिले, सोपानराव हाका मारू लागले. कणसं हलत होती, तेवढ्यावरून त्या कुठे असतील ते कळत होतं. आणि मग आतून त्यांचा आवाज आला, ठणठणीत, दर दहा पावलांना एकदा.

"लिहा, पाणी."

कारकून लिहू लागला.

"लिहा, पाणी."

शराट्यांचा थवा उडाला. वकीलसुद्धा ऐकत उभे होते.

"लिहा, पाणी."